मुंग्या, आग आणि गोळे : ताकदीच्या सुईआधी कारण शोधा

आमच्या गावचा बाजार सोमवारचा. त्या दिवशी माझ्या दवाखान्यात आसपासच्या खेड्यांतील मंडळी जास्त असतात. गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका सोमवारी चार रुग्णांनी एकापाठोपाठ एक मला जवळजवळ एकच वाक्य ऐकवले. "डॉक्टरसाहेब, हातापायाला मुंग्या येतात, अंग ठणकतं. एक ताकदीची सुई मारा."

पहिल्या होत्या साठीच्या मावशी. माळकरी घर, अंडे-मटण उंबऱ्याच्या आत येत नाही. "तळपायाची आग होते आणि चप्पल पायातून कधी निसटते तेच कळत नाही," असे त्या म्हणाल्या. दुसरे एस.टी.तून निवृत्त झालेले वाहक, बारा वर्षांपासून मधुमेही. तिसरी तिशीची सूनबाई. तिच्या मांड्या आणि कंबर सतत दुखत होती आणि जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागत होता. चौथा पंचेचाळिशीचा शेतकरी, पायाच्या काड्या झालेल्या. सोबत आलेल्या भावाने हळूच सांगितले की रोज संध्याकाळी 'बसणं' असतं.

तक्रार एक, मागणी एक, पण आजार चार वेगवेगळे. चौघांनाही लाल रंगाचे एकच इंजेक्शन टोचून मी मोकळा झालो असतो तर त्यांना वाईट वाटले नसते. उलट डॉक्टर चांगला म्हणून नाव झाले असते. पण त्यांतल्या तिघांचे दुखणे तसेच राहिले असते. म्हणून आज या सदरात मज्जातंतू आणि स्नायूंच्या जुनाट दुखण्याविषयी, आणि त्यावर आहार, व्यायाम व जीवनसत्त्वे यांचा उपयोग किती व कुठे होतो याविषयी लिहितो आहे.

दुखणे नसेचे की स्नायूचे?

मज्जातंतू म्हणजे शरीरातील विजेच्या तारा. या तारेवरचे वेष्टण खराब झाले की मुंग्या, आग, सुया टोचल्यासारखे वाटणे, बधिरपणा अशी लक्षणे दिसतात. हे दुखणे बहुधा पायाच्या बोटांपासून सुरू होऊन हळूहळू वर सरकते आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर वाढते. कापसावर चालल्यासारखे वाटते, चप्पल निसटते, अंधारात तोल जातो.

स्नायूंचे दुखणे वेगळे. ते बोथट, ठणकणारे असते. मांड्या, खांदे, पाठ, पोटऱ्या अशा मोठ्या स्नायूंत जाणवते. दाबले की दुखते, श्रमाने वाढते. पायऱ्या चढणे, पाटावरून उठणे जड जाते, पण स्पर्श मात्र नीट कळतो. काही रुग्णांत दोन्ही एकत्र असतात. तरीही डॉक्टरांकडे जाताना आपले दुखणे यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे हे नीट सांगता आले तर निम्मे काम होते.

माझ्या हातून झालेली चूक

कारण शोधण्यावर मी एवढा भर का देतो, ते सांगतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक टेलर मास्तर माझ्याकडे आले. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर झाले होते. दिवसभर मशीनवर बसून नस दबली असेल, असे मी समजलो. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि बी-१२ ची इंजेक्शने सुरू केली. मास्तर सहा महिने नेमाने येत राहिले. मी त्यांच्या कोपराची नस एकदाही चाचपून पाहिली नाही, अंगावरचा सदरा काढायला सांगितला नाही. पुढे ते जिल्ह्याच्या ठिकाणी गेले, तेव्हा तेथील डॉक्टरांना पाठीवर एक फिकट, बधिर चट्टा दिसला आणि कोपराशी नस दोरीसारखी जाड लागली. तो कुष्ठरोग होता.

औषधाने रोग पूर्ण बरा झाला. पण नस कामातून जाऊ लागल्यावर पहिल्या सहा महिन्यांत उपचार मिळाला तरच ती बऱ्याचदा वाचते. नेमके तेच सहा महिने मी जीवनसत्त्वांत घालवले होते. मास्तरांची दोन बोटे कायमची वाकली आणि कात्री हातातून सुटली. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला ते आले, तेव्हा ती डाव्या हाताने पुढे केली. तो हात मी विसरू शकलेलो नाही.

२००५ च्या अखेरीस आपल्या देशात कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. तो संपला असे पुष्कळांना वाटते, पण तो संपलेला नाही. अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. उपचार सहा महिने ते एक वर्ष चालतात आणि रोग बरा होतो.

आधी या तपासण्या

म्हणून ताकदीची गोळी मागण्यापूर्वी डॉक्टरांकडून पाय, हात, त्वचा आणि नसा तपासून घ्याव्यात. रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉईड, मूत्रपिंडाचे कार्य आणि गरजेप्रमाणे 'ड' जीवनसत्त्व एवढ्या तपासण्यांत बहुतेक कारणे सापडतात. चालू असलेल्या सर्व गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटाच्या गोळ्यांनी काहींचे स्नायू दुखतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चांगली आहे, पण वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकते. पित्ताच्या गोळ्या रोज सकाळी सवयीने घेणाऱ्यांचेही तसेच होते. अशा गोळ्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे.

बी-१२ : खरी कमतरता आणि खरा उपयोग

मावशींचे बी-१२ फारच कमी निघाले. आपल्याकडे हे नवल नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची रक्ततपासणी केली, तेव्हा सुमारे दोनतृतीयांश पुरुषांत हे जीवनसत्त्व कमी आढळले होते. त्याचे मुख्य कारण शाकाहार, आणि त्यातही दूधदुभते बेताचे.

बी-१२ जंतू तयार करतात आणि ते आपल्याला प्राणिज अन्नातूनच मिळते. दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे, मटण, कलेजी ही त्याची ठिकाणे. पालेभाजी, डाळ, मोड आलेली कडधान्ये, बीट, खजूर हे सारे अन्न उत्तम, पण त्यांत बी-१२ नाही. रोजची गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅम एवढीच असते. एक मोठा पेला दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते. म्हणून शाकाहारी माणसाने दिवसभरात दोन पेले दूध किंवा तेवढे दही-ताक घ्यावे. चहात घातलेले दोन चमचे दूध या हिशेबात धरू नये.

कमतरता निघाली तर मात्र केवळ आहाराने ती लवकर भरून निघत नाही, औषध लागते. नसांवर परिणाम झालेला असेल तर सुरुवातीला इंजेक्शने देतात. पुढे बहुतेकांना रोज एक हजार मायक्रोग्रॅमची गोळीही पुरते. शरीर त्यातला थोडाच भाग शोषते, पण तो थोडा भागही गरजेपुरता होतो. ज्यांचे बी-१२ मुळात पुरेसे आहे त्यांना आणखी सुया टोचून काही लाभ होत नाही.

येथे फॉलिक ॲसिडबद्दल एक सावधगिरी. या जीवनसत्त्वाच्या शोधाची सुरुवात आपल्या मुंबईतच झाली. १९२८ मध्ये लुसी विल्स या ब्रिटिश महिला डॉक्टर मुंबईत आल्या आणि गिरणी कामगार गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी दाखवले. त्यातील गुणकारी घटक म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक ॲसिड. ते मोलाचेच आहे, पण बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड घेतले तर रक्त सुधारते आणि नसांचे नुकसान मात्र आतल्या आत चालू राहते. म्हणून आधी बी-१२ पाहावे.

आणि धीर धरावा. तुटलेली नस दिवसाला सुमारे एक मिलीमीटर वाढते. मावशींना पहिल्या महिन्यात थोड्या जास्तच मुंग्या आल्या. "औषध गरम पडलं," म्हणून त्या सोडायला निघाल्या होत्या. मी त्यांना थांबवले. चौथ्या महिन्यात आग कमी झाली आणि आषाढात त्या वारीतल्या दोन मुक्कामांपर्यंत चालत गेल्या. बधिरपणा थोडा राहिला आहे. उशीर झाला की एवढे राहतेच.

'ड' जीवनसत्त्व : ऊन आणि मात्रा

सूनबाईंची मांडीची हाडे दाबली तरी दुखत होती. 'ड' जीवनसत्त्व अगदी कमी होते. सकाळपासून रात्रीपर्यंत स्वयंपाकघर, पदर डोक्यावर, ऊन अंगाला लागणार कुठे? उन्हाच्या देशात ही कमतरता असावी याचे आश्चर्य वाटते, पण ती शहरात आणि खेड्यांतही आढळते. कोवळे ऊन आल्हाददायक खरे, परंतु 'ड' जीवनसत्त्व त्वचेत तयार होते ते सूर्य वर आल्यावर. हातपाय उघडे ठेवून सकाळी दहानंतर वीस-तीस मिनिटे उन्हात बसणे बऱ्याच जणांना जमण्यासारखे आहे. काचेतून आलेले ऊन कामाचे नाही.

कमतरता असल्यास साठ हजार युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे देतात. ही मात्रा आठवड्याची आहे. काही रुग्ण चुकून ती रोज घेतात आणि मग रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, गोंधळ आणि मूत्रपिंडाला इजा असे प्रकार होतात. चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा. सूनबाईंना सोबत कॅल्शियम, नाचणीची भाकरी, तीळ आणि दूध सांगितले. तीन महिन्यांत त्या हात न टेकता उठू लागल्या.

इतर गोळ्यांचे काय?

बी-६ : नसांच्या अनेक संमिश्र गोळ्यांत ते असते, त्याचे नाव पायरिडॉक्सिन. गरजेपुरते हवेच, पण शंभर मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा महिनोन्महिने घेतल्यास त्यानेच नसा खराब होतात. काहींना त्याहून कमी मात्रेतही त्रास झाला आहे. म्हणजे ज्यासाठी गोळी घ्यायची तेच दुखणे ती देते. दोन डॉक्टरांच्या दोन गोळ्यांत तोच घटक नाही ना, हे वेष्टनावर वाचावे.

मॅग्नेशियम : रात्री पोटरीत गोळे येणाऱ्या वृद्धांना त्याचा फारसा उपयोग होत नाही असे अभ्यासांत दिसले आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास ते धोक्याचे.

अल्फा लायपोइक ॲसिड : मधुमेहाच्या नसदुखीत काहींना थोडा आराम मिळतो, पुरावा मर्यादित आहे. गोळ्या महाग असतात. पैसे मोजकेच असतील तर ते आधी साखर आटोक्यात ठेवण्यावर आणि चांगल्या चपलेवर खर्च करावेत.

बिननावाच्या पुड्या : आमचे निवृत्त वाहक बाजारातून अशीच पुडी घेत होते. "दोन दिवसांत घोड्यासारखा चाललो," असे ते म्हणाले. दोन दिवसांत जुनाट दुखणे पळवणाऱ्या पुडीत अनेकदा स्टिरॉईड किंवा वेदनाशामक गोळीची पूड मिसळलेली असते. त्यांची साखर साडेतीनशेवर गेली होती आणि चेहरा सुजला होता. अशी पुडी एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते, म्हणून डॉक्टरांना खरे सांगावे. कोणी रागावणार नाही.

ताटात काय असावे?

स्नायूंना प्रथिने लागतात. साठ किलो वजनाच्या माणसाला रोज सुमारे पन्नास ग्रॅम. एक वाटी घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम, एका अंड्यातून सहा, पेलाभर दुधातून आठ आणि मूठभर शेंगदाण्यांतून सात ग्रॅम मिळतात. भाकरी-चपातीतूनही काही मिळतात. म्हणजे दोन वेळा घट्ट वरण किंवा उसळ, दूध-दही आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यावर साध्या घरात हिशेब जमतो. डब्यातील प्रोटीन पावडर लागत नाही. आमटीचे पाणी पुरुषांना आणि तळ बायकांना, किंवा उलट, असे करू नये. सर्वांच्या ताटात डाळ यावी. आठवड्यातून दोन-तीन उपवास करणाऱ्यांनी साबुदाण्याऐवजी दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा घ्यावा. साबुदाणा म्हणजे नुसता पिष्टमय पदार्थ.

पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ म्हणजे थायमिन टिकत नाही, आणि दारू स्वतःही नसांना विषारी आहे. आमच्या शेतकरी मित्राला थायमिन दिले, पण बाटली चालू ठेवून गोळी खाणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे. तो दोन महिने थांबला, सुधारला आणि पोळ्याला पुन्हा सुरू झाला. भाऊ त्याला परत घेऊन आला आहे. आम्ही पुन्हा पहिल्यापासून लागलो आहोत.

घरच्या घरी व्यायाम

दुखते म्हणून पडून राहिले की स्नायू आणखी अशक्त होतात आणि दुखणे वाढते. पुढील व्यायाम ओट्याशी किंवा भिंतीशी उभे राहून करता येतात.

१) चालणे : आठवड्यातून पाच दिवस, तीस मिनिटे. सुरुवात दहा मिनिटांनी करावी.

२) उठबस : खुर्चीवरून हात न टेकता उठावे आणि सावकाश बसावे. दहा वेळा.

३) टाचा उचलणे : ओटा धरून दोन्ही टाचा वर, मग हळूहळू खाली. दहा वेळा.

४) पोटरीचा ताण : भिंतीला हात लावून एक पाय मागे, टाच जमिनीवर, गुडघा सरळ. वीस ते तीस सेकंद. झोपण्यापूर्वी दोन्ही पायांना तीन-तीन वेळा केल्यास रात्रीचे गोळे कमी होतात.

५) तोल : भिंतीजवळ एका पायावर दहा सेकंद. जवळ कोणीतरी असावे.

व्यायामानंतर थोडे दुखले आणि तास-दोन तासांत शमले तर घाबरू नये. दुसऱ्या दिवशीही ठणका राहिला तर मात्रा निम्मी करावी, व्यायाम सोडू नये. छातीत दुखणे किंवा दम लागणे असेल तर मात्र आधी तपासणी.

बधिर पायांची राखण

पाय बधिर असणाऱ्यांनी अनवाणी चालू नये. घरातही नाही. देवळाच्या आवारातील तापलेल्या फरशीने भाजलेले पाय मी दर उन्हाळ्यात पाहतो. रोज रात्री आरसा धरून तळवे पाहावेत. पाणी किती गरम आहे ते कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्याच्या हाताने पाहावे. गरम पिशवीचा शेक पूर्ण वर्ज्य. पायाला मऊ तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल घ्यावी. एम. सी. आर. चप्पल म्हणून ती मिळते. आमच्या वाहककाकांच्या अंगठ्याला जखम होती आणि त्यांना ती ठाऊकच नव्हती. वेळेवर दिसली म्हणून अंगठा वाचला.

शेवटचे दोन शब्द औषधांविषयी. नसेची आग साध्या वेदनाशामक गोळीने फारशी शमत नाही, आणि त्या गोळ्या रोज घेतल्यास पोट व मूत्रपिंड बिघडते. त्यासाठी एमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटीन, प्रिगॅबालिन अशी वेगळी औषधे आहेत. त्यांतील काही औषधे नैराश्यातही देतात. औषधाच्या दुकानात "ही तर डोक्याची गोळी" असे कोणी म्हणाले म्हणून ती फेकून देऊ नये.

ताबडतोब रुग्णालय गाठावे अशी लक्षणे : पायांची ताकद काही तासांत किंवा दिवसांत कमी होत जाणे, लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, जांघेत बधिरपणा, अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन बारे सिंड्रोमचे अनेक रुग्ण एकाच वेळी आढळले, त्यांच्यातही मुंग्या आणि पायांतील अशक्तपणा अशीच सुरुवात होती. अशा वेळी घरी तेल चोळत बसू नये.

वाचकहो, पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा "ताकदीची सुई मारा" म्हणण्याऐवजी "मला हे का होतंय?" एवढे विचारा. डॉक्टर घाईत असतील, मीही असतो. तरी विचारा. टेलर मास्तरांनी मला तेव्हा तसे विचारले असते, तर कदाचित मी त्यांना सदरा काढायला सांगितला असता.